सलामी कापलेली तबकडी

माझे वडील तरुणपणी मुंबईला हॉटेलात होते, एवढंच मला माहीत होतं. तुळजापुरात 'हॉटेलात होते' याचा अर्थ एकच होतो: कपबश्या विसळत होते, फार तर गल्ल्यावर बसत होते. अब्बांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. कुणी विचारलं, 'काय मास्तर, कुठल्या हॉटेलात होता म्हणे?' तर ते म्हणायचे, 'व्हतो एका,' आणि लगेच यंदाच्या लग्नतिथींचं बोलायला लागायचे. मलाही लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटायचं, एवढ्या मोठ्या मुंबईत राहून या माणसाला साधा चहा धड करता कसा येत नाही?

मास्तर म्हणजे बँडमास्तर. आमच्या घरात खरं तर दोन मास्तर. मी तामलवाडीच्या शाळेत शिकवते, बीएड आहे, वर्गात पोरं मला टरकून असतात. पण आमच्या आळीत 'मास्तर' अशी हाक आली की ती अब्बांनाच असते, आणि मी दार उघडलं तर माणूस माझ्या खांद्यावरून आत बघतो. बँड बंद होऊन किती वर्षं झाली. आता वरातीपुढं डीजेची गाडी असते आणि तिच्या दणक्यानं आमच्या खिडकीच्या काचा वाजतात. त्या वाजल्या की अब्बा म्हणतात, 'तालात तरी वाजा की.' ते काचांना म्हणतात की डीजेला, कळत नाही.

तर गेल्या वर्षी एके दिवशी शाळेतून घरी येत असताना फोन आला. पलीकडून एका पुरुषानं अब्बांचं नाव घेऊन विचारलं, 'आपण त्यांच्या कन्या का?' 'कन्या' ऐकल्यावरच माणूस पुण्याचा आहे हे कळलं. मग तो जे बोलायला लागला ते ऐकून मी दोनदा म्हटलं की नंबर चुकलाय. त्याचं म्हणणं असं की, मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात फार वर्षांपूर्वी चार वादकांची जॅझची मैफल झाली होती. ती तिथल्या तिथं, लोकांसमोर रेकॉर्ड केली गेली. त्याची तबकडी निघाली, थोडी विकली गेली आणि लोक विसरूनही गेले. आता बाहेरच्या देशातली एक कंपनी तीच तबकडी नव्यानं काढतेय. चौघांपैकी पियानोवाले, बासवाले आणि ड्रमवाले तिघंही वारले. चौथा सॅक्सोफोनवाला कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या तबकडीच्या पाकिटावर त्याचं नाव अर्धवट छापलं होतं आणि जे छापलं होतं तेही चुकीचं. या पुण्याच्या गृहस्थांनी शोध घेत घेत तो माणूस तुळजापुरात आहे, इथपर्यंत माग काढला होता.

'आमचे अब्बा बँडवाले आहेत,' मी म्हटलं.

'तेच ते,' तो म्हणाला आणि त्याचा गळा दाटून आला. माझ्या वडिलांचा विषय काढून परक्या माणसाचा गळा दाटून यावा, हे मी प्रथमच ऐकत होते. आमच्याकडं सहसा उलट होतं.

घरी आले तर अब्बा क्रिकेट बघत बसलेले. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, 'त्याला सांग, मेला म्हनून.'

'कोण मेला?'

'म्या.'

मी मराठी शाळेत जायला लागले तेव्हापासून अब्बा माझ्याशी मराठीतच बोलतात. माझी मराठी कच्ची राहू नये म्हणून त्यांनी तेव्हा ठरवलं आणि मी मराठीची बाई झाले तरी सोडलं नाही. अम्मी मात्र दखनी सोडून काही बोलत नाही. तिनं आतून विचारलं, 'क्या हुआ गे?' मी म्हटलं, जॅझवाले येणार म्हणतायत. तिनं ते 'जहाजवाले' असं ऐकलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन घरांत बातमी गेली की मास्तरांना जहाजावर बोलावलंय, पण या वयात ते जाणार नाहीत.

अब्बा मेल्याचं मी काही पुण्याला कळवलं नाही. त्यामुळं ते गृहस्थ आले. आले तेही नेमके मंगळवारी, जेव्हा तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते. सोलापूरच्या गाड्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या. आमचं घर लॉजच्या मागच्या बोळात आहे. तिथवर पोचेपर्यंत त्यांना महाद्वारापाशी कुणीतरी गाठलेलं होतं, कारण काळा टी-शर्ट, पाठीला बॅग, कपाळभर मळवट आणि हातात परडी, अशा अवतारात ते आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, 'नाही म्हणता आलं नाही.' आत आले आणि सरळ अब्बांच्या पायावर डोकं ठेवलं. अब्बांनी पाय आखडून घेतले. लुंगीवर कुंकू सांडलं ते अम्मीनं नंतर तीन वेळा धुतलं, तरी गेलं नाही.

गृहस्थ वाईट नव्हते, हे मला मान्य करायला हवं. चाळिशीचे असतील, नोकरी कॉम्प्युटरची आणि वेड तबकड्यांचं. त्यांच्या घरी म्हणे भिंतभर तबकड्या. ते सांगत होते की तबकडीतल्या आवाजाला जी ऊब असते ती मोबाईलमध्ये नाही, ती हलकीशी खरखर म्हणजेच जीव. अब्बा ऐकून घेत होते. आमच्या आळीत लोक रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रांग लावायचे ते खरखर घालवायला. हे गृहस्थ तीच पुन्हा विकत घेत होते, वर ऊब म्हणत होते.

मग त्यांनी बॅगेतून एक छोटा स्पीकर काढला, मोबाईलला जोडला आणि म्हणाले, 'मूळ टेप आहे ही. तुम्ही कधी ऐकलीय?'

'न्हाय,' अब्बा म्हणाले.

'कधीच नाही?'

'कशाला ऐकायची? वाजवली व्हती की.'

त्यांनी ती लावली. मला जॅझमधलं तेव्हाही काही कळत नव्हतं आणि आताही बेताचंच कळतं. सुरुवातीला वाटलं, चौघं चार वेगवेगळ्या लग्नांत वाजवतायत. मग हळूहळू जाणवलं की लग्न एकच आहे आणि मुहूर्तसुद्धा कुणाचा चुकत नाहीये. मागं पेल्यांचा किणकिणाट, कुणाचं तरी खोकणं, बाईचं हसणं. त्यातून सॅक्सोफोन आला. मी तो ताबडतोब ओळखला. सुरावरून नाही, श्वासावरून. अब्बा नवीन ओळ उचलण्याआधी नाकानं एक लहानसा 'हुं' काढतात. लहानपणी हजार वरातींत तो 'हुं' मी ऐकलाय. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात, साहेबलोकांसमोर, माझे अब्बा वाजवत होते. ते कपबश्या विसळत नव्हते. माझ्या अंगावर काटा आला आणि दुसऱ्याच क्षणी भयंकर राग आला. इतकी वर्षं हा माणूस गप्प का बसला?

मी अब्बांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते, बोटं गुडघ्यावर चालत होती. सॅक्सोफोन थांबला, पियानो सुरू झाला. पियानो जरा रंगात आला तोच अब्बा उठले. 'असरची वेळ झाली,' म्हणाले आणि आत गेले. असरच्या नमाजाला अजून बराच अवकाश होता. गृहस्थांनी अदबीनं टेप थांबवली. अब्बा परत आले, टेप पुन्हा लावली, पियानो पुन्हा त्याच जागी आला आणि अब्बांना नळाला पाणी आल्यासारखं वाटलं. पाणी आलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी सरळ हात पुढं करून मोबाईलवर ठेवला.

'ह्येच्या फुडचं म्या न्हाय ऐकत.'

'अहो, पण पुढंच तर खरं आहे!' गृहस्थ जवळजवळ ओरडले. मग त्यांनी सांगितलं की जगभरातले दर्दी ही टेप शोधत होते ती पुढच्या भागासाठीच. नव्या तबकडीबरोबर जी पुस्तिका यायची होती तिचा मजकूर त्यांनीच लिहिला होता. तो त्यांनी इंग्रजीतून मराठी करत करत आम्हाला वाचून दाखवला. पियानोवादक आपल्या एकल वादनात मग्न असताना सॅक्सोफोन अचानक, कुठल्याही पूर्वसूचनेविना कोसळतो. तो सगळी चौकट उधळून लावतो. हे बंड आहे. त्यानंतर सॅक्सोफोन संपूर्ण गप्प होतो, अगदी तबकडी संपेपर्यंत. उरलेले तिघंच वाजवत राहतात. हे मौन त्या काळाच्या फार पुढचं होतं.

अब्बांनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'तुमाला माजी सही पायजे?'

'हो. हयात असलेले तुम्ही एकटेच. तुमच्या संमतीशिवाय कंपनी काढणार नाही.'

'मग त्येवढं कापा. कोसळतंय म्हनालात न्हवं, त्येवढं. कापलं की सही.'

गृहस्थांचा चेहरा मळवटाखाली पांढरा पडला. त्यांनी विनवलं, समजावलं, कला आणि इतिहास हे शब्द दहा वेळा वापरले. अब्बांनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं, वाढलंही भरपूर, पण बोलणं फिरवलं नाही. ते गेल्यावर मी अब्बांसमोर जाऊन बसले. शाळेत एखाद्या पोरानं पुस्तक लपवलं की मी अशीच बसते. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं.

थोड्या वेळानं अब्बा म्हणाले, 'बंड न्हवतं ते. उदो व्हता.'

इथं बाहेरच्या माणसाला आमच्या गावच्या बँडची एक रीत सांगायला हवी. तुळजापुरात मिरवणूक लग्नाची असो, नवसाची असो, नाहीतर निवडून आलेल्याची, रस्त्यात कुणीतरी 'आई राजा' म्हणणार आणि बाकीचे हात वर करून 'उदो उदो' म्हणणारच. त्या क्षणी बँडनं चालू गाणं टाकून द्यायचं आणि सलामी द्यायची. सलामी म्हणजे चढत जाणारी एक छोटी धून, सगळ्या पितळी वाद्यांनी एकदम मारायची, पूर्ण जोरात. गाणं कुठं होतं, कुणाचा तुकडा चालला होता, काही बघायचं नाही. उदो ऐकला की सलामी. बँडमध्ये निम्मे मुसलमान, निम्मे बाकीचे, पण हा नियम सगळ्यांच्या हाडात. अब्बा आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून झांजा वाजवत होते. त्यांना ही सलामी नमाजाच्या आधी शिकवली गेली की नंतर, हे त्यांनाही सांगता येत नाही.

तर मुंबईच्या त्या मैफलीत पियानो रंगात आला, तेव्हा श्रोत्यांतला कुणीतरी खूश होऊन ओरडला. जॅझमध्ये असं ओरडायची पद्धत आहे म्हणे. तो माणूस इंग्रजीत 'ओ, डू इट! डू इट!' असं ओरडला.

'आन् माज्या कानात काय आलं?' अब्बा म्हणाले. 'उदो. उदो.'

त्यांनी सलामी मारली. डोळे मिटून, छाती भरून, भर बाजारात मारावी तशी. मारून झाल्यावर डोळे उघडले तर एकाही माणसाचा हात वर नाही. पेले हातात धरून सगळे त्यांच्याकडं बघतायत. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपण कुठं आहोत.

मी हसले. मला हसू आवरलंच नाही. भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून हसले. अम्मी बघायला आली, तिला सांगितलं, तीही हसली. अब्बा हसले नाहीत. ते म्हणाले, 'कान तापले माजे. सॅक्सो उचलला, बाजूच्या पडद्यातनं निघालो, टॅक्सी धरली ते थेट स्टेशन. सकाळी सोलापुरात.' तेव्हा माझं हसू गेलं. म्हणजे ते काळाच्या पुढचं मौन म्हणजे अब्बा त्या वेळी टॅक्सीत होते.

ते पुढं म्हणाले, 'पियानोवाल्यानं मला शिकवलं व्हतं. गोव्याचा व्हता. वरातीतनं उचलून नेलं मला, कागदावरचं वाचाय शिकवलं, सुटाचं कापड घेऊन दिलं. आन् म्या त्येच्याच रंगात चिखल केला. त्यो मेल्यावर बी लोकांनी ऐकावं व्हय ते?'

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. इतकी वर्षं या माणसानं 'हॉटेलात होतो' एवढंच सांगितलं होतं आणि लोकांना कपबश्यांचा समज करून घेऊ दिला होता, तो याच्यासाठी. वेटर समजले तर चालेल, पण त्या मैफलीचा विषय निघू नये. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला, कारण दया करून घेणारा तो माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन करून त्या गृहस्थांना खरं काय ते सांगितलं. वाटलं, बंड नसून गैरसमज होता हे कळल्यावर त्यांचा उत्साह मावळेल. ते म्हणाले, 'अहो, हे तर अजूनच भारी आहे!' त्यांना ते पुस्तिकेत घालायचं होतं. देवी, बँड, जॅझ असा सगळा संगम त्यांच्या डोळ्यासमोर उभा राहिला. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं की, संगम राहू द्या, कापणार असाल तर सही मिळेल.

कंपनीनं शेवटी मान्य केलं. त्यातही व्यवहार होताच: तो कापलेला तुकडा पुढं कधीतरी वेगळा काढू, असं त्यांच्या मनात होतं, हे गृहस्थांनीच मला भाबडेपणानं सांगून टाकलं. मी ते अब्बांना सांगितलं नाही. शाळेत मात्र सांगितलं की माझ्या वडिलांची रेकॉर्ड निघतेय. आमच्या मुख्याध्यापकांनी काळजीच्या सुरात विचारलं, 'पोलीस रेकॉर्ड?'

काही महिन्यांनी नमुन्याची तबकडी तयार झाली. पूर्ण छपाई करण्याआधी अशा मोजक्या तबकड्या काढून ऐकून बघतात. गृहस्थ ती घेऊन स्वतः आले, या वेळी मंगळवार टाळून. बरोबर ब्रीफकेससारखा एक रेकॉर्ड प्लेअरही आणला होता. आमच्याकडं तो ठेवायला सपाट जागा एकच, अम्मीच्या शिलाई मशीनवर. दुपारची वेळ होती, लॉजच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. अब्बांनी दाढी केली होती. नमुन्याच्या तबकडीला पाकीट नव्हतं, पांढऱ्या कागदात गुंडाळलेली. अब्बांनी ती कडेनं धरली, उजेडात तिरपी करून बघितली आणि परत दिली.

'कापलंय न्हवं?'

'कापलंय. हाक आणि सलामी दोन्ही काढल्यात. सांधाही कळणार नाही.'

सुई टेकली. पेल्यांचा किणकिणाट, खोकला, 'हुं', सॅक्सोफोन. अब्बा या वेळी माझ्याकडं बघून जरा हसले, बोटांनी गुडघ्यावर पट्ट्या दाबत राहिले. पियानो आला. रंगात आला. अब्बा उठले नाहीत, पण त्यांची बोटं थांबली. ती जागा आली आणि गेली. खरंच काही कळलं नाही. अब्बांनी श्वास सोडला.

आणि मग पियानो सलामी वाजवायला लागला.

आमच्या बँडची सलामी. पितळेवर भसकन येणारी ती धून पियानोवर सुटी सुटी, एका बोटानं वाजवावी तशी आली. एकदा आली. मग जरा थांबून पुन्हा. मग ड्रमवाल्यानं तिच्याखाली ठेका धरला, बासवाल्यानं ती खालच्या सुरात उचलली. मूळ गाणं बाजूलाच राहिलं. आधीची सलामी कापलेली असल्यानं हे कुठून आलं, काहीच समजत नव्हतं. मध्येच काही कारण नसताना तिघं जण तुळजापूरच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले होते.

'ह्ये कोन वाजवतंय?' अब्बा म्हणाले. 'ह्ये माजं हाय.'

'पियानो आहे. या भागाला त्या सलामीवरची व्हेरिएशन्स म्हणतात,' गृहस्थ कुजबुजले. 'मी पुस्तिकेत लिहिलंय ना, तिघं त्या बंडाला उत्तर देतात.'

'उत्तर न्हाय ते.'

पियानो धून वाजवायचा, शेवटच्या सुराच्या अलीकडं थांबायचा, तेवढी जागा मोकळी सोडायचा. तिथं कुणी येत नसे. मग पुन्हा सुरुवातीपासून. अब्बा प्लेअरच्या अगदी जवळ सरकले. मला म्हणाले, पण माझ्याकडं न बघता, 'वरातीत आपला मानूस मागं ऱ्हायला, चा प्याय थांबला, चप्पल तुटली, तर फुडं जायाचं न्हाय. त्येची धून वाजवायची आन् त्येची जागा सोडायची. त्यो ऐकून पळत येतो, बरूबर जागंवर येतो. म्याच सांगितलं व्हतं पियानोवाल्याला ह्ये. हसला व्हता.'

तबकडीची ती बाजू संपेपर्यंत पियानो तेच करत राहिला. शेवटी टाळ्या झाल्या. सुई नुसतीच खरखरत राहिली, ती उचलायचं भान गृहस्थांनाही राहिलं नाही.

'मला बोलवत व्हता त्यो,' अब्बा म्हणाले. 'आन् म्या टॅक्सीत.'

अम्मी दारात उभी होती, हात पिठाचे. अब्बांनी तिच्याकडं बघितलं आणि जे बोलले ते मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, 'त्यो आला व्हता ना इथं?' माझ्यासाठी मग त्यांनी सांगितलं. माझ्या जन्माच्या आधी, मुंबईहून पळून आल्यावर थोड्याच दिवसांनी, तो पियानोवाला तुळजापूरला आला होता. बोळाच्या तोंडाशी तो दिसताच अब्बा गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागं लपले. शिव्या द्यायला आला असणार. अम्मीला सांगितलं, म्हण, येडशीला लग्नाच्या सुपारीवर गेलेत. अम्मीनं तसं सांगितलं. तो ओसरीवर बराच वेळ बसला, चहा प्याला, गेला. तो गेल्यावर अब्बांनी अम्मीला बजावलं की तो काय बोलला ते मला ऐकायचं नाही, त्याचं नाव घरात काढायचं नाही. अम्मीनं ते पाळलं, आजपर्यंत.

'काय म्हनाला व्हता?' अब्बांनी आता विचारलं.

अम्मी पिठाची बोटं चोळत राहिली. 'जादा कुछ नै बोले,' ती म्हणाली. 'जाते जाते बोले, उसको बोलना, उसकी जगह खाली रखी है. मैं समझी, मुंबई की खोली की बात करतैं.'

मला अब्बांचा राग आला, अम्मीचा आला, त्या टाकीचासुद्धा आला. एवढं बोलायला एवढी वर्षं लागावीत? अम्मीला तर रडू आलं. 'तुमेच बोले थे ना,' ती अब्बांना परत परत म्हणत राहिली, 'तुमेच बोले थे, नाम नक्को निकाल.'

'व्हय,' अब्बा म्हणाले. 'म्याच म्हनालो व्हतो.'

गृहस्थांनी सुई उचलली. तबकडी कागदात गुंडाळायला घेतली, पण हात थांबले, कारण अब्बा त्यांच्याकडं हात पुढं करून बसले होते. त्यांनी तबकडी अब्बांच्या हातात दिली. अब्बांनी ती मांडीवर ठेवली.

'ते कापलेलं परत घाला,' ते म्हणाले. 'आन् तुमच्या त्या पुस्तकात बंडबिंड लिहू नका. मानूस कुठनं उठून गेला आन् त्येला कोन बोलवत व्हतं, येवढं कळलं म्हंजी झालं.'